व्हिसा त्याच्या नावावर असला तरी

अमेरिकेत नवऱ्याकडून छळ सोसणाऱ्या आपल्या मुलींचे फोन घ्यायचं काम मी न्यू जर्सीत राहून बरीच वर्षं करते आहे. एकदा एक जण तळघरात, वॉशिंग मशीनशेजारी उभी राहून बोलत होती. मशीन थांबलं की तिचा आवाजही थांबायचा. "ताई, पासपोर्ट त्याच्या कपाटात, व्हिसा त्याच्या नोकरीवर. मी पोलिसांना बोलावू शकते का?"

हो गं, बोलावू शकतेस. मारहाण होत असेल तर ९११ लाव. इंग्रजी सुचलं नाही तर पत्ता सांग आणि नुसतं "हिंदी" म्हण, म्हणजे दुभाषा मागता येतो. त्याने तुझ्याजवळ फिरकू नये असा संरक्षण आदेश कोर्टाकडून मागायला ग्रीन कार्ड लागत नाही.

पुढची वाट मात्र नवऱ्याच्या कागदांवर ठरते. तो अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल, तर १९९४ च्या 'व्हावा' या बायकांवरच्या हिंसेविरुद्धच्या कायद्याखाली, इथे राहण्याच्या हक्कासाठीचा आय-३६० अर्ज तू स्वतः करायचा. त्याची सही लागत नाही, त्याला कळवतही नाहीत. घटस्फोट झाला असेल तर २ वर्षांच्या आत कर.

आपल्या बऱ्याच मुली एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर असतात आणि 'व्हावा'ची ही वाट त्यांना नाही. पण एच-१बीवाल्याच्या छळ सोसलेल्या बायकोला आय-७६५व्ही भरून कामाचा परवाना मागता येतो. पोलिसांत तक्रार देऊन तपासाला मदत केलीस, तर गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठी असलेल्या यू व्हिसासाठीही अर्ज करता येतो. वर्षाला १०,०००च देतात, त्यामुळे रांग फार लांब आहे. घटस्फोट झाला की एच-४ संपतो. म्हणून कुठल्याही कागदावर सही करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोल.

आणि "चार महिने आईकडे राहून ये" म्हणून त्याने अचानक तिकीट हातात ठेवलं, तर सावध हो. तिकडे पोचल्यावर पासपोर्ट काढून घेतलेल्या, परतीचा व्हिसाच न उरलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. वकिलाशी बोलल्याशिवाय विमानात बसू नकोस.

पासपोर्ट, व्हिसाचं पान, लग्नाचा दाखला, त्याचं एच-१बीचं मंजुरीपत्र, जे हाताला लागेल त्याचे फोटो काढ, बहिणीला पाठव आणि आपल्या फोनमधून पुसून टाक. घरातल्या सगळ्यांचे फोटो एकाच खात्यात जमा होत असतील, तर फोटो मैत्रिणीच्या फोननेच काढ. आय-९४, म्हणजे अमेरिकेत आल्याची नोंद, सरकारी संकेतस्थळावर पासपोर्ट क्रमांक घालून मिळतो. पासपोर्ट देतच नसेल तर भारतीय वाणिज्य दूतावासात नव्यासाठी अर्ज करता येतो.

आपली भाषा, आपली घरं जाणणाऱ्या संस्था आहेत: न्यू जर्सीत १९८५ पासूनची 'मानवी', न्यूयॉर्कला 'सखी', शिकागोत 'अपना घर', ह्यूस्टनला 'दया'. दुसरीकडे कुठे असशील तर १-८००-७९९-७२३३ हा राष्ट्रीय क्रमांक चोवीस तास चालू असतो. फोन त्याच्या प्लॅनवर असेल, तर लायब्ररीतून किंवा मैत्रिणीच्या फोनवरून लाव.

तळघरातल्या त्या मुलीला मी इतकंच सांगितलं की आज फक्त फोटो काढ. दोन दिवसांनी तिने परत फोन केला, तेव्हाही मागे मशीन चालूच होतं. म्हणाली, "ताई, सगळे कागद बहिणीकडे पोचले. आता वकिलाचं सांगा."