नव्या वॉटर-कूलिंग लूपमधलं पाणी गढूळ झालंय? या चुका टाळा

कॉम्प्युटरचे भाग थंड ठेवण्यासाठी पाणी नळ्यांतून ज्या बंद चक्रात फिरवतात, तो लूप. तो भरून दोन-तीन दिवस होतात आणि रिझर्व्हॉयरमधलं, म्हणजे टाकीतलं पाणी ताकाच्या निवळीसारखं दिसायला लागतं. अशा वेळी बहुतेक जण लगेच सगळं पाणी काढून नवं भरतात. मूळ कारण मात्र लूपमध्येच राहिलेलं असतं, त्यामुळे नवं पाणीही तसंच होतं. मधल्या काळात सीपीयू ब्लॉकच्या (प्रोसेसरवर बसणाऱ्या, आतून पाणी वाहणाऱ्या ठोकळ्याच्या) खाचांत थर बसत जातो. या खाचा अर्ध्या मिलिमीटरहून अरुंद असतात, तेव्हा त्या तुंबायला फार गाळ लागत नाही.

म्हणून आधी कॉम्प्युटर बंद करा, लूपमधलं साधारण 50 मिली पाणी स्वच्छ काचेच्या ग्लासात काढा आणि रात्रभर हलवू नका. पाणी काही मिनिटांतच निवळलं, तर ते फक्त हवेचे बारीक बुडबुडे होते. पंपाची गती कमी-जास्त करत, कॉम्प्युटरची केस थोडी तिरपी करत दोन-तीन दिवस लूप चालू ठेवा, बाकी काही करू नका. तळाशी साका किंवा वर ओशट तवंग दिसला, तर संशय रेडिएटरवर, म्हणजे गरम पाणी थंड करणाऱ्या जाळीवर. रात्रभरानंतरही पाणी एकसारखं दुधट असेल, तर रसायनांची सरमिसळ झालेली असण्याची शक्यता जास्त.

रेडिएटर न धुता जोडणं

नव्या लूपमध्ये सर्वांत जास्त सापडणारी चूक हीच. तांब्या-पितळेचे रेडिएटर डाखून जोडलेले असतात आणि डाखकामाचा फ्लक्स, धातूचा चुरा, कारखान्यातलं तेल आतच राहतं. फ्लक्स बहुधा आम्लधर्मी असतो. तो कुलंटमधली (लूपमध्ये भरायच्या तयार द्रवातली) गंजरोधक द्रव्यं खातो आणि कधीकधी रंगही बदलून टाकतो. ‘धुऊन आलेला’ असं खोक्यावर छापलेलं असलं तरी स्वतः धुवा.

रेडिएटर निम्मा गरम पाण्याने भरा. साधारण 60 अंश पुरे. तोंडं बुचांनी बंद करा, दोन-तीन मिनिटं सगळ्या बाजूंनी जोरात हलवा आणि पाणी पांढऱ्या सुती फडक्यातून गाळा. फडक्यावर काळे-हिरवे कण दिसत आहेत तोवर हेच करत राहा. सुरुवातीला नळाचं पाणी चालेल, पण शेवटचे तीन हात डिस्टिल्ड पाण्याचेच हवेत. गरम पाणी फक्त रेडिएटरसाठी: पीईटीजी या कडक प्लास्टिकच्या ट्यूब आणि अ‍ॅक्रिलिकचे भाग त्याने वाकडे होतात. अ‍ॅक्रिलिकला आयसोप्रोपिल अल्कोहोलही लावू नका, बारीक तडे जातात.

स्वस्त पारदर्शक ट्यूब

मऊ पीव्हीसी ट्यूब लवचीक राहावी म्हणून तिच्यात प्लास्टिसायझर घातलेला असतो. तो हळूहळू कुलंटमध्ये उतरतो आणि ब्लॉकमध्ये पांढरट-पिवळट चिकट साय धरते. हे दोन दिवसांत होत नाही, काही आठवडे ते महिने लागतात. ट्यूबच धुरकट आणि पाणी स्वच्छ असेल, तर एक तुकडा कापून आत बोट फिरवा. चिकट थर बोटाला लागला तर प्लास्टिसायझर. काहीच लागलं नाही आणि पंख्याखाली वाळवल्यावर तुकडा पुन्हा पारदर्शक झाला, तर ट्यूबने फक्त पाणी शोषलं होतं. ते दिसायला वाईट, पण निरुपद्रवी. प्लास्टिसायझरला खरा उपाय एकच: ईपीडीएम रबराची काळी ट्यूब किंवा कडक ट्यूब. आतलं पाणी दिसण्याची हौस असेल, तर ब्लॉक अधूनमधून उघडून साफ करण्याची तयारीही ठेवा.

‘आमच्या आरओचं पाणी चांगलं आहे’

प्यायला असेल. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) लावलात तर आरओच्या पाण्यात अनेकदा 50-100 आकडा दिसतो, आणि बोअरवेलचं पाणी तर क्षारांनी भरलेलं असतं. हे क्षार गरम भागांवर पांढरे बसतात. बॅटरीचं पाणी म्हणून 5 लिटरच्या कॅनमध्ये मिळतं ते बहुतेकदा डीमिनरलाइज्ड असतं आणि कामाला येतं, पण दर्जा कॅनगणिक बदलतो. रिकाम्या लूपमध्ये ओतण्याआधी मोजा: 5च्या आत असेल तरच घ्या. तयार कुलंटवर मात्र मीटर लावू नका, त्यातल्या गंजरोधकांमुळे आकडा वाढलेलाच दिसेल.

साबण, औषध आणि दोन कंपन्यांचे कुलंट

भांड्यांच्या साबणाने भाग धुतले आणि नीट विसळले नाहीत, तर फेस येतो. त्यावर बेन्झाल्कोनियमसारखं जंतुनाशक घातलं, तर दोन्ही एकमेकांना धरून पाण्यात न विरघळणारा पांढरा साका बनतो. जंतुनाशकाचे थेंब बाटलीवर लिहिलेत तेवढेच टाका. पातळी कमी झाली म्हणून दुसऱ्या कंपनीचा कुलंट तर अजिबात ओतू नका. पेस्टल, अपारदर्शक कुलंटमधले कण वेगळे होऊन खाली बसतात, त्यामुळे पहिल्या लूपला साधा पारदर्शक कुलंटच बरा.

अ‍ॅल्युमिनियम आणि तांबं एकत्र

ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त किटमध्ये रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचा आणि ब्लॉक तांब्याचा असू शकतो. दोन धातूंमध्ये गॅल्व्हॅनिक गंज सुरू होतो आणि पांढरा, जेलीसारखा गाळ येतो. पोर्टच्या (नळी जोडायच्या तोंडाच्या) आट्यांवर सुईने ओरखडा काढा: पिवळं पितळ दिसलं तर ठीक, आतपर्यंत चंदेरी दिसलं तर रेडिएटर बदला. गंजरोधकाने हा प्रकार लांबतो, थांबत नाही.

ब्लॉक उघडताना

कुलंटचं तापमान पूर्वीइतकंच आणि प्रोसेसरच्या कोअरचं वाढलेलं, तर ब्लॉक तुंबलेला असू शकतो. उघडण्याआधी फोटो काढा, कारण आतली जेट प्लेट (पाणी खाचांवर सोडणारी पट्टी) उलटी बसली की प्रवाह बिघडतो. प्लास्टिसायझर नुसत्या पाण्याने निघत नाही. कोमट पाणी, साबणाचा एक थेंब आणि मऊ टूथब्रश घ्या, ब्रश खाचांच्या दिशेनेच फिरवा आणि भरपूर विसळा. निकेलच्या मुलाम्यावर व्हिनेगर नको. ओ-रिंग खोबणीत नीट बसवा, स्क्रू समोरासमोरचे जोडीने थोडे थोडे आवळा.

भरताना फक्त पंपाला वीज द्या आणि रिझर्व्हॉयर रिकामा होऊ देऊ नका: कोरडा फिरलेला पंप मिनिटांत बिघडू शकतो. पहिली भरती डिस्टिल्ड पाण्याची करा, 24 तास फिरवा, काढून ग्लासात बघा. निवळ दिसलं की मगच कुलंट भरा.