खंड्याला जोडीदार आणण्याआधी

दोन वर्षांपूर्वी आमच्या कुत्र्याला, खंड्याला, सोबत म्हणून एक पिल्लू आणलं आणि एकोणिसाव्या दिवशी ते ओळखीच्या घरी द्यावं लागलं. दोष आमच्या घाईचा होता. आता घरात पुन्हा तोच विषय निघालाय. सासूबाई म्हणतात, "अगं, एकाला भाकरी घालतोयच की, दुसऱ्याला काय जड हाय?" भाकरी जड नाहीच. बाकीचं बघायला हवं, म्हणून या वेळी पिल्लू बघायला जायच्या आधी यादी केली. तुमच्याकडंही असाच विचार चालू असेल तर उपयोगी पडेल.

आधी एक दिवस मोबाईल खिडकीत उभा करून रेकॉर्डिंग लावा आणि घराबाहेर पडा. आम्ही लावलं. खंड्या तीन तास गाढ झोपला, उठून पाणी प्यायला आणि धाकटीची रिक्षा यायच्या वेळी दाराच्या फटीला नाक लावून बसला. तो माणसांची वाट बघत होता. माणूस गेल्यावर जे कुत्रं रडतं, दार ओरबाडतं, ते शेजारी दुसरं कुत्रं असलं तरी बहुधा रडतंच. त्याला सोबत आपली हवी असते. तेव्हा सकाळ-संध्याकाळचा फेरा अर्ध्या तासानं वाढवून महिनाभर बघा. तेवढ्यानं भागलं तर दुसऱ्या कुत्र्याची घाई नको.

मग पहिल्याला दुसरं कुत्रं चालतं का, हे पारखा. रस्त्यात शेपूट हलवणं वेगळं आणि आपल्या घरात वाटेकरी सोसणं वेगळं. मागं दिरांचा कुत्रा घरी आला तेव्हा खंड्यानं कॉटखालची जुनी कोल्हापुरी चप्पल तोंडात धरली आणि कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. अंग ताठ, मान खाली, डोळ्यांच्या कडेला पांढरं दिसत होतं. आम्ही हसलो, व्हिडिओ काढला. "हे माझं आहे, जवळ येऊ नका" असं तो स्पष्ट सांगत होता. ते तेव्हा कळलं असतं तर ते पिल्लू आणलंच नसतं. कुत्रं गुरगुरलं म्हणून त्याला रागावू नका. गुरगुरणं दाबलं की ते न सांगता चावायला शिकतं.

पहिला दीड-दोन वर्षांचा तरी असावा आणि हाक मारली की येणारा असावा. त्याच्या खोडी दुसरा आठवड्यात उचलतो. म्हातारा असेल, सांधे दुखत असतील, तर उड्या मारणारं पिल्लू त्याला जाच होतो. अशा वेळी मोठं, शांत कुत्रं बघावं किंवा विषय सोडून द्यावा. दोन सख्खी पिल्लं एकदम तर आणूच नका, ती एकमेकांतच रमतात आणि माणसाचं ऐकायला शिकवणं अवघड होऊन बसतं.

डॉक्टरांकडं आधी पहिल्याला न्या. रेबीजची लस, जंताचं औषध, गोचिडाचं औषध सगळं चालू आहे ना, ते कार्डावर बघा. येणारं पिल्लू असेल तर पार्वो आणि डिस्टेंपर या पिल्लांच्या जिवावर उठणाऱ्या आजारांची लस 6 ते 8 आठवड्यांपासून सुरू होते आणि साधारण 16 आठवड्यांपर्यंत बूस्टर चालतात. नवीन कुत्रं पहिले 14 दिवस वेगळ्या खोलीत ठेवायची सोय हवी, कारण पार्वो वरून दिसायच्या आधी अंगात असू शकतो. नर-मादी जोडी बऱ्याचदा जमते, पण नसबंदीचं आधीच ठरवा. मादी साधारण सहा महिन्यांनी माजावर येते, सुमारे तीन आठवडे ते चालतं आणि 63 दिवसांत घरात पिल्लं असतात. नराची नसबंदी झाली तरी पुढचा महिनाभर दोघांना लांब ठेवावं लागतं.

आपल्या कोल्हापूरला मुधोळ जवळ, त्यामुळं "मुधोळी देतो" म्हणणारा, म्हणजे तिकडच्या शिकारी जातीचं कुत्रं देणारा, कुणीतरी भेटतोच. जात देखणी, पण ती धावायसाठी घडलेली. पेठेतल्या दोन खोल्यांत तिला कोंडू नका. गावठी कुत्रं इथल्या हवेला सरावलेलं असतं, माझा कल तिकडंच.

आता पुराचं. हे कोल्हापुरातल्या यादीत असायलाच हवं. आमचं घर शुक्रवार पेठेच्या उताराला. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांवर गेलं की इशारा, 43 वर धोका. 2019 ला आणि 2021 ला खंड्याला घेऊन राजारामपुरीत मामांकडं गेलो. एक कुत्रं मांडीवर घेऊन रिक्षात बसता येतं. दोन कशी न्यायची? मामी दोन ठेवून घेतील का? मी फोन करून स्पष्ट विचारलं. "एकाचं काय नाही गं, दुसऱ्याचं तुझ्या भावाला विचार," म्हणाल्या. भावाचा होकार आल्यावरच यादीत पुढं गेले. दोघांना दोन हार्नेस, लसीची कार्डं प्लास्टिकच्या पिशवीत, हे जूनच्या आधीच तयार हवं. पुराच्या पाण्यातून लेप्टो (उंदरांच्या मुतातून येणारा ताप, लेप्टोस्पायरोसिस) पसरतो, त्या लसीचंही विचारा.

स्वयंपाकघरात दोन भांडी, दोन जागा आणि मध्ये बंद दार. रविवारी मटण शिजलं की नळी टाकणारे हात घरोघरी असतात. शिजलेलं हाड चिरफळतं, रश्शातला कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो, आणि दोघांत एक हाड म्हणजे भांडण ठरलेलं. घरात सगळ्यांना, पाहुण्यांनाही, हे आधी सांगून ठेवा. खर्च दुप्पट धरा, आजारपण वेगळं. सोसायटीत राहत असाल तर शेजाऱ्यांशी बोला. गणपतीत आणि दिवाळीत नवं कुत्रं आणू नका.

पहिली भेट घरात नको, तिऱ्हाईत जागी. दोन माणसं, दोन पट्टे, मध्ये भरपूर अंतर, एकाच दिशेनं चालायचं. पट्टा सैल. हुंगू द्यायचं, तीन सेकंदांनी पुढं. पुढचे पाय टेकवून मागं उंच झालं तर ते खेळायचं बोलावणं. अंग ताठलं तर अंतर वाढवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा.

देणाऱ्याशी बोली करून ठेवा: जमलं नाही तर ते परत घेतील का, किती दिवसांत. आम्हाला या वेळी एका ताईंनी त्यांच्याकडची तीन वर्षांची नसबंदी झालेली गावठी मादी महिनाभर सांभाळायला म्हणून देऊ केलीय. कॉटखालची चप्पल मी आधीच उचलून ठेवलीय. रविवारी सकाळी साडेसहाला कळंब्याकडच्या माळावर दोघं भेटणार आहेत. खंड्याला मुलगा धरेल, तिला मी.