गाड्यांच्या गर्दीत सायकल कशी चालवावी

निघण्याआधी चाकांतली हवा आणि दोन्ही ब्रेक तपासा. ओढणी किंवा पिशवीचे बंद चाकापाशी लोंबत नाहीत ना, तेही पाहा.

रस्त्यावर आल्यावर पहिला प्रश्न जागेचा. नवखा माणूस भीतीने कडेला चिकटतो आणि तिथेच फसतो. खडी, काचा, गटाराची झाकणे सगळी कडेलाच असतात. ती चुकवायला हँडल वळवले की मागच्या गाडीपुढे येतो. म्हणून कडेपासून अर्धा ते एक मीटर आत, सरळ रेषेत चालवा, आणि वाहतुकीच्या दिशेनेच. रस्ता अरुंद असेल तर तेवढ्या टप्प्यापुरते मधोमध या. मागचा हॉर्न वाजवील, वाजवू द्या. निदान त्याने तुम्हाला पाहिलेले तरी असते! रुंद जागा आली की बाजू द्या.

उभ्या गाड्यांपासून मात्र मीटरभराहून जास्त लांब राहा. आत कोणी बसलेले दिसले तर दार आत्ता उघडणार असेच धरून चाला.

वळायचे असेल तर आधी मागे पाहा, मग हात दाखवा, पुन्हा पाहा, मगच वळा. मागे पाहताना सायकल भरकटते, त्यामुळे याचा सराव मोकळ्या मैदानावर करून घ्या.

सर्वांत जपायचे ते ट्रक आणि बसपासून. चौकात ट्रक थांबलेला असतो, कडेने सायकलपुरती फट दिसते आणि पुढे घुसायचा मोह होतो. तसे कधीच करू नका. लांब गाडी वळताना तिची मागची चाके पुढच्या चाकांच्या मागावरून येत नाहीत, आतून कापत येतात. दिसलेली फट पाहता पाहता मिटते. चालकाला तर ती बाजू दिसतही नाही. त्याच्या आरशात तुम्हाला त्याचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही असे समजा. केबिनच्या अगदी पुढ्यातही तेच. मागेच थांबा, त्याला जाऊ द्या.

अंधारात पुढे पांढरा, मागे लाल दिवा हवाच. पेडलवरचे रिफ्लेक्टरही काढून टाकू नका. वरखाली हलणारी चमक लांबूनच सायकल ओळखू देते. इअरफोन घरी ठेवा.

पावसात ब्रेक उशिरा लागतात, तेव्हा पुढच्या गाडीपासून अंतर वाढवा. ओली लोखंडी झाकणे आणि रंगवलेले पट्टे निसरडे होतात. त्यांच्यावरून जाताना वळू नका, ब्रेकही दाबू नका. रूळ आडवे आले तर काटकोनात ओलांडा, तिरके गेलात तर चाक खाचेत अडकते.