‘रीस्टार्ट केला आहे’ असे सांगणाऱ्याला मदत कशी करावी

‘संगणक चालत नाही’ एवढ्या तक्रारीवरून काहीही निदान होत नाही. म्हणून पडद्यावर नेमके काय दिसते, ते शब्दशः वाचून दाखवायला सांगावे. संदेश न वाचताच बंद करण्याची सवय बहुतेकांना असते, तेव्हा चूक पुन्हा घडवून आणण्याची विनंती करावी लागते.

त्यानंतर रीस्टार्टचा प्रश्न येतो. समोरची व्यक्ती खोटे बोलते आहे असे लगेच मानू नये. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय आहे. ती चालू असताना ‘शट डाउन’ केले तरी प्रणालीच्या गाभ्याची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि संगणक सुरू करताना तीच परत आणली जाते, त्यामुळे जुना बिघाडही परत येऊ शकतो. ‘रीस्टार्ट’ मात्र सर्व काही नव्याने सुरू करते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि ‘परफॉर्मन्स’मधील सीपीयूच्या पानावर ‘अप टाइम’, म्हणजे संगणक शेवटचा नव्याने सुरू झाल्यापासूनचा काळ, पाहावा. तेथे बारा दिवस दिसले, तर वाद आपोआप मिटतो. (काही जण केवळ मॉनिटरचे बटण दाबतात, हेही ध्यानात ठेवावे.)

केबल नीट बसली आहे का, असे थेट विचारल्यास लोक दुखावतात आणि न पाहताच होकार देतात. त्याऐवजी ती काढून, टोकावर धूळ आहे का ते पाहून पुन्हा लावायला सांगावे.

पासवर्ड मात्र कधीही विचारू नये, आणि कोणी आपणहून सांगू लागल्यास त्यांना तेथेच थांबवावे.