जखम लाल झाली म्हणून लगेच स्टिरॉइडचं मलम चोपडू नका

आदोळीवर (विळीवर) मासे कापताना बोट चिरलं किंवा खाजनात (खाडीकाठच्या खाऱ्या सखल जमिनीत) कालवं काढताना शिंपला लागला, तर स्वच्छ फडका सलग 10 मिनिटं दाबून धरा. मध्येच उचलून बघायचं नाही. मग नळाच्या धारेखाली 5-10 मिनिटं धुवा. हळद, कॉफी, चुना काहीही भरू नका, नंतर ते उपसणं हीच दुसरी जखम होते. बोट वाकत नसेल किंवा बधिर असेल तर थेट डॉक्टर. मळकट जखम आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन 5 वर्षं उलटली असतील तर तेही घ्या.

खरा घोळ दुसऱ्या दिवशी होतो. बोट लाल, गरम, सुजलेलं, ठणकणारं, आणि घरातलं कुणीतरी खाजेवरची स्टिरॉइडची ट्यूब पुढे करतं. ती अजिबात लावू नका. ही सूज म्हणजे चालू असलेलं काम आहे. पहिल्या 24 ते 48 तासांत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या रक्तपेशी जंतू मारतात. मागोमाग मॅक्रोफेज नावाच्या सफाई करणाऱ्या पेशी येतात, मेलेल्या पेशी गिळतात आणि मग कामाचा रोख बदलून नव्या रक्तवाहिन्या व कोलॅजन (कातडीला बळ देणारं प्रथिन) तयार करण्याचे इशारे देतात. स्टिरॉइडने सूज दबते, पण हे इशारेही मंदावतात. मधुमेहात नेमका हा बदल अडकतो. सूज ओसरत नाही, जखम आठवडेच्या आठवडे उघडी राहते.

मग चांगली सूज ओळखायची कशी? लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढा, शेजारी वेळ लिहा. साधी सूज दोन-तीन दिवसांत कळस गाठून उतरते. लाली रेघेबाहेर गेली, पू आला, ताप चढला, तिसऱ्या दिवसानंतर ठणका वाढला किंवा हातावर लाल रेघ वर चढू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. खाऱ्या-मचूळ पाण्यातली जखम असेल आणि मधुमेह किंवा यकृताचा आजार असेल, तर पेनची वाट बघू नका. असह्य वेदना, जांभळे फोड दिसले की तडक बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) जा. खाऱ्या-मचूळ पाण्यातला व्हिब्रिओ जंतू काही तासांत हात खातो.

बाकी सोपं. व्हॅसलीनचा पातळ थर, वर पट्टी. पावसाळ्यात ती भिजली की लगेच बदला. रोज स्पिरिट किंवा पेरॉक्साइड ओतू नका, नव्या पेशीही मरतात. खपली उचकटू नका. टाके निघाले तरी कातडी बरेच दिवस अशक्तच असते. महिनाभर त्या हाताने जाळं ओढू नका.