वाड्यातलं संग्रहालय: आधी माळवद, मग कपाटं

गावातल्या जुन्या वाड्यात संग्रहालय करायचं ठरलं की पहिला पैसा काचेच्या कपाटांवर जातो. मग आषाढात माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, गळतं आणि त्याच कपाटांवर ताडपत्री टाकायची वेळ येते. म्हणून क्रम असा धरा: माळवद, भिंती, लाकूड आणि सगळ्यात शेवटी वस्तू. मातीची कामं मेमध्ये उरकावीत, म्हणजे मृग लागेपर्यंत थर वाळतो. चुन्याची कामं दिवाळीनंतर. उन्हाळ्यात गिलावा वरून झटकन सुकतो आणि भेगाळतो. वाडा संरक्षित यादीत असेल, किंवा केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत असेल, तर दुरुस्तीलाही लेखी परवानगी लागते. ती हातात आल्याशिवाय कुदळ लावू नये.

माळवदाची जाडी आधी मोजा. साण्याच्या, म्हणजे छतातल्या उजेडाच्या झरोक्याच्या, कडेला मातीचे थर दिसतात, तिथे टेप लावला की काम होतं. दर उन्हाळ्यात नवी माती चढवत गेल्याने कित्येक वाड्यांवर दोन-दोन फुटांचा थर साचलेला असतो. १० बाय १० फुटांच्या खोलीवर एक फूट कोरडी माती म्हणजे सुमारे साडेचार टन वजन, भिजली की त्याहून जास्त. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात माणसं दगावली ती मुख्यतः असल्या जड माळवदाखाली आणि मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली. थर आठ इंचांवर आणावा.

माती काढण्याआधी खालून तुळयांना टेके द्या. दोन्ही बाजूंनी सारखी माती उतरवत मध्याकडे या. एकाच बाजूचं वजन काढलं तर जुना सांधा सरकतो. काढलेल्या मातीचा ढीग माळवदावर करायचा नाही, पाट्या थेट खाली उतरवायच्या. खाली ती बारीक जाळीतून चाळा. ही माती कधीकाळी गावच्या पांढरीतून, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडातून, आणलेली असते, त्यामुळे तिच्यात मणी, खापरं, क्वचित नाणंही निघतं. चाळलेली मातीच परत वापरा. नवीन मातीसाठी पांढरीचं टेकाड खणू नका. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरसारख्या गावात सातवाहनकाळ याच टेकाडांत आहे, आणि तिथलं लामतुरे संग्रहालय उभं राहिलं ते अशा टेकाडांवर सापडलेल्या वस्तूंवर. शेतातली काळी माती तर माळवदावर नकोच. ती पावसात फुगते, उन्हात बोट जाईल एवढी भेगाळते आणि पुढचा पाऊस सरळ किलचनात, म्हणजे मातीखालच्या लाकडी पट्ट्यांत, उतरतो.

उतार १० फुटांना दोन इंच पुरे. थर चोपून झाला की बादलीभर पाणी ओतून बघा. डबकं राहिलं तर तिथे माती घाला. पन्हळ भिंतीपासून किमान फूट-दीड फूट पुढे हवी आणि खाली पाणी पडेल तिथे फरशी. आखूड पन्हळीचं पाणी भिंतीच्या पायात मुरतं; भिंतीला पोट येण्याचं ते नेहमीचं कारण. लाकडाला लागून प्लॅस्टिक अंथरू नका, आतला दमट वाफारा अडकून फळ्या कुजतात. आणि माळवद काढून जुन्या मातीच्या भिंतींवर काँक्रीटचा स्लॅब टाकायचा सल्ला देणाऱ्या गुत्तेदाराला चहा पाजून वाटेला लावावं.

भिंतीला पोट आलंय का ते ओळंबा सोडून पाहा. जाड दगडी भिंत म्हणजे बहुधा दोन पडद्या आणि मध्ये भराव असतो. दोन्ही पडद्यांना बांधून ठेवणारे आरपार दगड नसतील तर त्या एकमेकींपासून सुटतात. त्यावरचा उपाय म्हणजे ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडून आकडा वळवलेली सळई घालणं आणि काँक्रीट भरणं. हे काम अभियंत्याच्या देखरेखीखालीच करावं, कारण घाव घालून भोक पाडलं की भराव ढासळतो. भेग जिवंत आहे की जुनी, हे कळायला तिच्यावर आडवी काचेची पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टरने चिकटवा आणि तारीख लिहा. पट्टी तडकली तर भिंत हलते आहे.

सिमेंटचा गिलावा असेल तर हलक्या छन्नीने उतरवा. सिमेंट भिंतीतला ओलावा बाहेर येऊ देत नाही. लोणा, म्हणजे भिंतीतला क्षार, गिलाव्यामागे साचतो आणि वर्ष-दोन वर्षांत गिलाव्यासकट दगडाचा पापुद्रा सुटतो. भिंत सुकल्यावर चुना लावा. भाजलेले खडे पाण्यात सोडायचे, खड्यांवर पाणी ओतायचं नाही. उकळी अंगावर उडते, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवा. विरलेला चुना किमान महिनाभर पाण्याखाली मुरू द्या. नंतर एक भाग चुना, एक भाग विटांची सुरखी, दोन भाग चाळलेली वाळू. एका हाताला अर्ध्या इंचापेक्षा जाड थर नको. आठवडाभर ओली पोती लटकवून ठेवा. भिंतीत पिंपळ उगवला असेल तर उपटू नका, मुळासोबत दगड निघतो. बुडाशी कापा, मूळ मारण्याचं औषध परवानाधारकाकडून लावून घ्या आणि ते मेल्यावर फट चुन्याने भरा.

लाकडात वाळवी पाहायची ती तुळईच्या भिंतीत गेलेल्या टोकापाशी. स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा. सहज आत गेला तर टोक पोकळ आहे. रंग मारून ते झाकू नये.

आता वस्तू. बिदरी म्हणजे चांदीची नक्षी जडवलेली धातूची भांडी. काळा रंग हाच तिचा जीव, पितांबरी लावली की तो जातो. हाली शिक्क्याची, म्हणजे निजामाची, नाणीही चिंचेने घासू नका, कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढली की पुरे. पैठणीची घडी मोडा, जरीची तार घडीवर तुटते. धुतलेल्या सुती कापडात लपेटलेल्या नळीवर ती गुंडाळा. मोडी आणि उर्दू दप्तरांना लॅमिनेशन किंवा सेलोटेप लावू नये. कसर, म्हणजे कागद खाणारी कीड, लागली असेल तर कागद हवाबंद पिशवीत घालून उणे २० अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडू नका, नाहीतर कागदावर दव धरतं. कपड्यांवर आणि कागदांवर ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेडाचं माप) जास्त उजेड नको. साण्यातून येणारं ऊन त्याच्या कितीतरी पट असतं, तेव्हा त्याखाली जातं-उखळ मांडा, पोथी नाही.

क्रमांक वर्ष, आवक आणि वस्तू असा द्यावा: २०२५.४.१२, म्हणजे २०२५ सालच्या चौथ्या आवकेतली बारावी वस्तू. धातूवर किंवा दगडावर आधी पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक रेझिनचा पातळ हात, त्यावर शाईने क्रमांक, वर पुन्हा एक हात. अॅसिटोनने तो कधीही निघतो. कापडाला सुती पट्टी टाचा. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांवरची वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांवरचं हस्तलिखित पुरावस्तू ठरतं, त्यामुळे देणगी घेताना नोंदणीचा कागद मागा. चाळणीत नाण्यांचा साठा लागलाच तर तो संग्रहालयाचा होत नाही. १८७८ च्या कायद्यानुसार दहा रुपयांवरचं पुरलेलं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.