हक्क स्टुडिओचा, श्रेय लेखकाचे: हॉलीवुडच्या पटकथालेखनात येऊ पाहणाऱ्यांसाठी

मराठी रंगभूमीवर नाटककार आपल्या संहितेचा मालक असतो. प्रयोगासाठी त्याची परवानगी घ्यावी लागते आणि प्रयोगामागे त्याला मानधन मिळते. अमेरिकेतल्या नाटककारांची स्थितीही साधारण अशीच आहे. हॉलीवुडमध्ये मात्र लेखकाला स्टुडिओने कामावर नेमून चित्रपट किंवा मालिका लिहून घेतली, तर अमेरिकी कायद्याच्या दृष्टीने त्या लेखनाचा कर्ता आणि स्वामित्वहक्काचा धनी स्टुडिओच ठरतो. एकांकिका स्पर्धांच्या वातावरणात वाढून लॉस एंजेलिसला आलेल्या माझ्यासारखीला ही गोष्ट स्वीकारायला वेळ लागला. पण ती नीट उमगल्यावरच या व्यवसायातल्या बाकीच्या बहुतेक रीतींचा अर्थ लागू लागला. म्हणून पुण्या-मुंबईहून इकडे येण्याविषयी विचारणाऱ्या तरुण लेखकांना मी कथेच्या रचनेआधी हीच गोष्ट सांगते.

मालकी नसलेला लेखक कायद्याने कर्मचारी ठरतो आणि कर्मचाऱ्यांना संघटना करून सामूहिक करार करता येतो. 1933 मध्ये स्क्रीन रायटर्स गिल्ड ही पटकथालेखकांची संघटना स्थापन झाली आणि 1954 मध्ये त्यातून आजच्या रायटर्स गिल्डच्या पूर्व आणि पश्चिम अशा दोन शाखा उभ्या राहिल्या. साधारण दर तीन वर्षांनी गिल्ड आणि निर्मात्यांची संघटना यांच्यात किमान मूलभूत करार होतो. किमान मोबदला, श्रेय, आरोग्यविमा, निवृत्तिवेतन आणि पुनर्वापराबद्दल मिळणारे रेसिड्युअल्स हे सारे त्यात ठरते. यातले काहीही सहज मिळालेले नाही. टीव्हीवर दाखवल्या जाणाऱ्या चित्रपटांच्या उत्पन्नातला वाटा आणि निवृत्तिवेतनाची व्यवस्था 1960 च्या संपातून आली, इंटरनेटवरच्या लेखनाचा प्रश्न 2007-08 च्या 100 दिवसांच्या संपात लढला गेला आणि 2023 मध्ये लेखक 148 दिवस कामाबाहेर राहिले. नवोदितांनी हा करार, निदान त्याचा सारांश तरी, वाचावा असे मला मनापासून वाटते, कारण मालकी सोडल्याच्या बदल्यात लेखकाच्या हाती काय येते, हे त्यातच लिहिलेले आहे.

त्यात सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे श्रेय. पडद्यावरच्या नावावरच रेसिड्युअल्स, काही बोनस आणि पुढचे काम अवलंबून असते. श्रेयनामावलीतले बारकावेही अर्थपूर्ण असतात: दोन नावांच्या मध्ये ‘अँड’ चिन्हाने (&) दाखवलेला असेल, तर ती एकत्र लिहिणारी जोडी असते, तोच शब्द अक्षरांत (and) लिहिलेला असेल, तर त्या दोघांनी वेगवेगळ्या वेळी, बहुधा एकमेकांना न भेटताही, त्याच पटकथेवर काम केलेले असते. चित्रपटात एकामागून एक लेखक बदलणे नित्याचे आहे. अशा वेळी श्रेय कोणाचे, यावर वाद झाला तर निर्णय स्टुडिओ देत नाही. गिल्डचे तीन सदस्य-लेखक सगळे खर्डे वाचून तो देतात. खर्ड्यांवर लेखकांची नावे नसतात, फक्त अक्षरे असतात आणि वाचणारे कोण, हेही वादातल्या लेखकांना कळत नाही. मूळ कल्पनेवरच्या पटकथेत नंतर आलेल्या लेखकाला पटकथेचे श्रेय हवे असेल, तर त्याचे योगदान निम्म्याइतके तरी असावे लागते आणि पहिल्या लेखकाचे कथेच्या श्रेयातले स्थान पूर्णपणे काढून घेता येत नाही. मालकी स्टुडिओकडे असतानाही ‘हे कोणी लिहिले’ हे ठरवण्याचा अधिकार लेखकांनी आपल्याकडे राखला आहे आणि माझ्या मते गिल्डचे हे सर्वांत मोठे काम आहे. तुमच्यासाठी याचा व्यावहारिक अर्थ असा, की प्रत्येक खर्ड्यावर तारीख घाला, तो कोणाकडे कधी दिला याची नोंद ठेवा आणि एकही खर्डा फेकून देऊ नका.

टीव्हीमध्ये हीच गोष्ट रोजच्या कामात, रायटर्स रूममध्ये अनुभवाला येते. एका टेबलाभोवती सहा-आठ लेखक बसतात, भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर प्रत्येक भागातले प्रसंग एकेक करून मांडले जातात आणि कथा पूर्ण बांधली गेल्यावरच तो भाग एखाद्या लेखकाकडे लिहायला सोपवला जातो. त्याने लिहिलेला खर्डा शोरनर, म्हणजे मालिकेची संपूर्ण जबाबदारी असलेला प्रमुख लेखक, पुन्हा लिहितो. कधी थोडा, कधी जवळजवळ सगळा. तरीही त्या भागावर नाव बहुधा मूळ खर्डा लिहिणाऱ्याचेच राहते. खोलीत तुम्ही सुचवलेला विनोद दुसऱ्याच्या भागात जातो आणि दुसऱ्याने सोडवलेली अडचण तुमच्या नावावर जमा होते. भजनाच्या दिंडीत जसा आपला आवाज वेगळा काढायचा नसतो, तसे या खोलीत बसावे लागते. आपली सूचना नाकारली गेली की तिचे समर्थन करत न बसता फळ्यावरच्या अडचणीवर दुसरा उपाय शोधणारा लेखकच पुढच्या सीझनला परत बोलावला जातो, हे मी वारंवार पाहिले आहे.

या खोलीची शिडी ठरलेली आहे. सर्वांत खाली स्टाफ रायटर, मग स्टोरी एडिटर, एक्झिक्युटिव्ह स्टोरी एडिटर, को-प्रोड्यूसर, प्रोड्यूसर, सुपरवायझिंग प्रोड्यूसर, को-एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर आणि शेवटी शोरनर. यातल्या ‘प्रोड्यूसर’ या पदव्या धारण करणारे बहुतेक जण मुळात लेखकच असतात. शिडीच्याही खाली रायटर्स असिस्टंट आणि स्क्रिप्ट कोऑर्डिनेटर असतात. पहिल्याने खोलीतली चर्चा टिपून रात्री तिची सुवाच्य टिपणे पाठवायची, दुसऱ्याने पटकथेतल्या तपशिलांची सुसंगती आणि सुधारित पानांचे वाटप सांभाळायचे. माझी सुरुवात टिपणांपासून झाली आणि कथा कशी मोडते, कशी जुळते, हे मला फिल्म स्कूलपेक्षा तिथे अधिक शिकायला मिळाले.

मात्र ही शिडी आता पूर्वीसारखी भक्कम राहिलेली नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. जुन्या नेटवर्क मालिकांचा सीझन 22 भागांचा असे. लेखक वर्षातला बराच काळ कामावर असत, आपला भाग चित्रित होताना सेटवर जात आणि निर्मितीचे काम तिथेच शिकत. स्ट्रीमिंगच्या काळात सीझन आठ-दहा भागांचा झाला, चित्रीकरणाआधीच काही आठवड्यांत सगळे लिहून घेणाऱ्या छोट्या खोल्या आल्या आणि सेट न पाहताच बढती मिळालेल्या लेखकांची एक पिढी तयार झाली. 2023 च्या करारात मालिकेच्या भागांच्या संख्येनुसार किमान लेखकसंख्या ठरवावी लागली, ती यामुळेच. कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेल्या मजकुराला लेखकाचे साहित्य मानता येणार नाही आणि लेखकावर अशा साधनांची सक्ती करता येणार नाही, हेही त्याच करारात आले. तरी दोन कामांमधला काळ लांब असू शकतो, असे धरूनच पैशांचे नियोजन करावे.

चित्रपटाच्या बाजूला काम टप्प्यांत मिळते: पहिला खर्डा, पुनर्लेखन, शेवटचा हात. अनेकदा करार एकाच टप्प्याचा असतो आणि नवा लेखक निर्मात्याला खूश ठेवण्यासाठी विनामोबदला पुनर्लेखन करत राहतो. कमी मोबदल्यावर नेमलेल्या पटकथाकाराला दुसऱ्या टप्प्याचेही पैसे मिळण्याची हमी 2023 पासून आहे. ती मागायला संकोचू नका.

प्रवेशासाठी लागतो तो एकच दाखला: स्वतःच्या कल्पनेवर, कोणी न सांगता लिहिलेली पटकथा. चित्रपटाची साधारण 90 ते 120 पाने, तासाच्या मालिकेचा पायलट, म्हणजे पहिला भाग, पन्नास-साठ पाने, अक्षर ‘कुरिअर’ नावाच्या टंकातले, 12 आकाराचे आणि एका पानाला पडद्यावर सुमारे एक मिनिट, हा हिशेब वाचणाऱ्याच्या अंगवळणी पडलेला असतो. शहरात येताच थर्ड स्ट्रीट आणि फेअरफॅक्सच्या कोपऱ्यावर, गिल्डच्या इमारतीतले रायटर्स गिल्ड फाउंडेशनचे ग्रंथालय गाठा. तिथे कोणालाही पटकथा मोफत वाचता येतात. प्रतिनिधींच्या बाबतीत एवढेच लक्षात ठेवा, की एजंट दहा टक्के घेतो, तेही तुम्हाला पैसे मिळाल्यावर. वाचण्यासाठी आगाऊ शुल्क मागणाऱ्यापासून दूर राहावे.

भारतातून येणाऱ्यांचा खरा अडसर व्हिसा आहे. फिल्म स्कूलनंतर काम करण्याची मुभा साधारण 12 महिन्यांची असते आणि टिपणे घेण्याच्या नोकरीसाठी कोणी व्हिसा पुरस्कृत करत नाही. ओ-1 व्हिसासाठी क्षेत्रातली ठळक कामगिरी कागदोपत्री दाखवावी लागते. शिवाय लेखकांच्या संघटनेचे आणि निर्मात्यांच्या संघटनेचे मतही जोडावे लागते. म्हणून मुंबईत प्रदर्शित झालेली कामे, पुरस्कार, वृत्तपत्रीय परीक्षणे यांची फाइल आधीपासून नीट ठेवा. आधी मायदेशी नाव कमावून मग येणे हा लांबचा रस्ता वाटला तरी अनेकांसाठी तोच अधिक सुरक्षित आहे, असे माझे मत झाले आहे.

राहिली मालकी. तुमच्या कल्पनेवर तुम्ही स्वतःहून लिहिलेली पटकथा विकली जाईपर्यंत पूर्णपणे तुमचीच असते. ती अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयात नोंदवावी. विकल्यानंतरही गिल्डच्या कराराखालच्या मूळ पटकथेवर चित्रपट निघाला नाही आणि तिच्यावर काम चालू नसेल, तर पाच वर्षांनंतर दोन वर्षांची एक मुदत उघडते आणि त्या काळात मिळालेला मोबदला परत करून लेखकाला ती स्टुडिओकडून परत घेता येते. ही मुदत आल्याची आठवण कोणी करून देत नाही, म्हणून सही करताच ती तारीख आपल्या वहीत लिहून ठेवावी.